कोळशाची बेगमी

दिवाळी सरली की कोकणात आणि देशावर कोळशाच्या भट्ट्या लागायला सुरुवात होते. त्या पाऊस तोंडावर येईपर्यंत धुमसत असतात. वर्षाचा कोळसा एकदम भरून ठेवणाऱ्यांची चौकशीही याच दिवसांत सुरू होते. माझं काम इंधनं तपासण्याचं. बॉयलरचा दगडी कोळसा, बगॅस, भुशाच्या विटा, लाकूड, सगळं माझ्या हाताखालून गेलं आहे. त्यामुळे ओळखीचे लोक विचारतात, ‘यंदा किलोला काय भाव द्यावा?’ मी त्यांना उलट विचारते, ‘त्या किलोत कोळसा किती आहे?’

गॅस आला आणि घरातला कोळसा गेला, असं शहरात सर्रास समजलं जातं. पण बाळंतिणीच्या शेकाला, तांब्याच्या बंबाला, भरताच्या वांग्याला, गल्लीतल्या इस्त्रीला तो अजूनही लागतो. घरून भाकऱ्या आणि मांडे करून विकणाऱ्या कितीतरी बायका पोत्यांनी कोळसा घेतात. त्यांच्या हिशेबात पोत्यामागे शंभर-दीडशे रुपये इकडचे तिकडे झाले तर महिन्याची कमाई हलते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

दगडी कोळसा उष्णतेच्या हिशेबाने विकला जातो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १ जानेवारी २०१२ पासून आपल्याकडे त्याची प्रतवारी उष्मांकावर होते. जी-१ म्हणजे किलोमागे ७,००० किलोकॅलरींहून जास्त, आणि खाली उतरत जी-१७ म्हणजे २,२०० ते २,५००. प्रत घसरली की भाव घसरतो. वीज केंद्रं आणि सिमेंटचे कारखाने प्रतीवरून खाणीशी भांडतात, नमुने काढतात, पुन्हा तपासणी मागतात. लाकडाच्या, म्हणजे लोणारी कोळशाला मात्र वखारीत एकच भाव असतो, पोत्यात काहीही असो. चांगला वाळलेला लोणारी कोळसा किलोमागे सुमारे ७,००० किलोकॅलरी देतो. हवेत वाळलेल्या लाकडाच्या जवळजवळ दुप्पट. पण पोत्यातला प्रत्येक किलो काही असा नसतो. त्यात पाणी असतं, चुरा असतो, राख होणारा भाग असतो, माती असते, अर्धवट जळलेलं लाकूडही असतं. ही सगळी कोळशाच्याच भावाने तोलली जातात.

एक हिशेब मांडून दाखवते. भाव गावोगाव वेगळे असतात, म्हणून आकडे फक्त सोयीसाठी धरले आहेत. चाळीस किलोचं एक पोतं ३० रुपये किलोने १,२०० रुपयांना मिळतं. त्यात दोन किलो चुरा निघाला. उरलेल्या ३८ किलोंत सहा टक्के ओल आणि तीन टक्के राख धरली, तर जळणारा कोळसा साधारण साडेचौतीस किलो. म्हणजे खरा भाव ३५ रुपयांच्या आत. दुसरं पोतं २५ रुपयांनी, हजारात. त्यात सहा किलो चुरा, उरलेल्या ३४ किलोंत सोळा टक्के ओल आणि नऊ टक्के राख. जळणारा कोळसा साडेपंचवीस किलो. खरा भाव ३९ रुपयांच्या वर. स्वस्त म्हणून आणलेलं पोतं किलोमागे चार रुपयांनी महाग पडलं. शिवाय राख काढायची, धूर सोसायचा आणि शेगडी सारखी फुंकत बसायची.

ओल्या कोळशाची उष्णता पाणी आटवण्यात जाते, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण तो नुकसानीचा लहान भाग आहे. दुसऱ्या पोत्यात साडेपाच किलोंच्या आसपास पाणी होतं. ते वाफेवर न्यायला लागणारी उष्णता जेमतेम अर्धा किलो कोळशातून मिळते. मोठी खोट आहे ती साडेपाच किलो पाणी २५ रुपये किलोने विकत घेतल्याची. हे एकदा लक्षात आलं की पुढचा नियम आपोआप सुचतो. कोरडा कोळसा वजनाने घ्यावा. ओला घ्यायची वेळ आलीच, तर मापाने घ्यावा. पाणी प्यायल्याने कोळशाचं वजन वाढतं, पण तो फुगत नाही. पिंपात बसणारे तुकडे तेवढेच राहतात. पावसाळ्यात वखारवाला काट्याचा आग्रह धरत असेल, तर तुम्ही डब्याचा धरा.

पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा या कामी उत्तम. मध्यम तुकड्यांच्या कोरड्या कोळशाने तो काठोकाठ भरला तर आतलं वजन साधारण तीन ते चार किलो भरतं, जड लाकडाचा कोळसा असेल तर थोडं जास्त. एकाच वखारीतून दर वर्षी घेत असाल तर हे वजन वहीत लिहून ठेवा. लाकूड तेच आणि तुकडेही तेवढेच असताना डबा एकदम जड लागला, तर त्यात पाणी किंवा माती आहे.

आता नमुन्याविषयी, कारण लोक सगळ्यात जास्त इथे फसतात, आणि दर वेळी विक्रेत्याने फसवलेलं असतंच असं नाही. पोत्याच्या तोंडाशी मोठे तुकडे दिसतात, चुरा हादऱ्यांनी तळाशी जातो. वरचे चार तुकडे हातात घेऊन मालाचा अंदाज बांधणं व्यर्थ आहे. आम्ही वाघिणीतून आलेल्या मालाचे नमुने काढतो तेव्हा ठिकठिकाणचा, वेगवेगळ्या खोलीचा माल काढून त्याचा ढीग करतो. ढीग सपाट करून त्याचे चार भाग पाडतो, समोरासमोरचे दोन ठेवतो आणि दोन बाजूला सारतो. उरलेल्याचा पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग, असं करत नमुना हातात मावेल इतका लहान होईपर्यंत. वीस पोती घेणाऱ्यानेही हेच करावं. कोणतंही एक पोतं स्वतः निवडून ताडपत्रीवर पूर्ण रिकामं करावं. बोटाच्या पेरापेक्षा बारीक ते सगळं चाळून तोलावं. चाळीस किलोंत दोन-तीन किलो चुरा असणारच, कारण कोळसा ठिसूळ असतो आणि भट्टीपासून वखारीपर्यंत तो कितीदा तरी उचलला-टाकला जातो. पाच-सहा किलो निघाला तर भाव पाडून मागायला हरकत नाही. चांगला व्यापारी हे करू देतो. करू देत नसेल तर दुसरी वखार बघावी.

त्याच ताडपत्रीवरून चौथाई करून काढलेला किलोभर कोळसा घरी न्यावा. सुपारीएवढे तुकडे करून पत्र्यावर दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवावा, रात्री घरात घ्यावा आणि पुन्हा तोलावा. प्रयोगशाळेत हेच काम १०८ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये तास-दीड तासात होतं. उन्हात शंभर टक्के ओल जात नाही, पण दीडशे ग्रॅमची तूट आली तर आणखी पुराव्याची गरज उरत नाही. मग तोच कोळसा स्वच्छ शेगडीत पूर्ण जाळून राख तोलावी. तीस-चाळीस ग्रॅम पांढरी, हलकी राख म्हणजे उत्तम माल. शंभर ग्रॅमच्या घरात गेली तर ती पाण्यात टाकून ढवळावी. तळाशी लगेच वाळू बसली तर भट्टी झाकायची माती कोळशाबरोबर भरली गेली आहे. लाकडाचा त्यात दोष नाही.

जुन्या बायका कोळसा वाजवून घेत, आणि ती परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध आहे. पूर्ण भाजलेल्या कोळशातला वायुरूप भाग निघून गेलेला असतो आणि मागे राहिलेला कार्बन टणक असतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणकन आवाज येतो, मोडलेली बाजू काळी चकचकीत दिसते. कच्चा कोळसा बद्द वाजतो, आत तपकिरी असतो, चटकन पेटतो आणि धूर करतो. मात्र फार कडक भाजलेला कोळसा पेटायला वेळ घेतो. रोज सकाळी घाईत शेगडी पेटवणाऱ्याने अगदी खणखणीत मालाचा हट्ट धरू नये. चांगल्या घरगुती कोळशात स्थिर कार्बन पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास असला तरी तो नीट चालतो.

लाकडाचाही विचार करावा. बाभूळ, खैर, धावडा यांचा कोळसा जड आणि निखारा टिकाऊ. भाकऱ्यांची चळत करायची तर हाच हवा. पांगारा, सावर यांचा हलका, लवकर पेटणारा, लवकर बसणारा. देशावर हल्ली पुष्कळ माल वेड्या बाभळीचा असतो आणि तो निश्चिंतपणे घ्यावा. ती माळरानं गिळणारी परदेशी झाडं आहेत आणि कोळसा बरा देतात. कोकणात करवंटीचा कोळसा मिळत असेल तर किलोमागे थोडे जास्त देऊनही परवडतो, कारण राख फार कमी. भुकटीच्या विटा घेताना मात्र त्यात बांधणीला काय घातलं ते विचारा. पिठाची खळ असेल तर ठीक. माती असेल तर ती माती तुम्ही तोलून घेताय.

चंद्रपूर-वणीकडे घरात दगडी कोळसा सहज मिळतो आणि स्वस्त वाटतो. आपल्या खाणींतल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख सर्रास असते, आणि त्याचा धूर स्वयंपाकघरात सोडण्याजोगा नाही. तो कारखान्याचा माल आहे.

भावाची दुसरी बाजूही पाहायला हवी. मातीने झाकलेल्या पारंपरिक भट्टीत एक किलो कोळशाला पाच-सहा किलो लाकूड लागतं. ते तोडायचं, रचायचं, पालापाचोळा आणि माती लिंपायची, मग दिवसरात्र पहारा द्यायचा, कारण कुठे भेग पडून हवा आत शिरली तर सगळ्याची राख होते. रायगडातली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर लेकराबाळांसह याच कामावर गाव सोडतात. पुष्कळदा पावसाळ्यातल्या उपासमारीत घेतलेली उचल फेडायला. वेठबिगारीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, तरी हिशेब मालकाच्या वहीत राहतो आणि हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, अशी प्रकरणं पुढे येत राहिली आहेत. म्हणून बाजारभावाच्या निम्म्याने कोळसा देऊ करणाऱ्याकडून मी घेऊ नका म्हणते. पाच-सहा किलो लाकडाच्या किमतीतही जो भाव बसत नाही, तो कुणाच्या तरी मजुरीतून किंवा चोरट्या तोडीतून निघालेला असतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात कोळसा हा वनोपज म्हणून नोंदलेला आहे. माल कुठल्या भट्टीचा आणि वाहतुकीचा परवाना आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मजुरांना रोख आणि वेळेवर पैसे देणारे भट्टीवाले आहेत. त्यांचा माल दोन रुपयांनी महाग असतो, आणि बहुधा चांगला भाजलेलाही असतो.

आता घ्यायचा कधी? दिवाळीनंतरच्या पहिल्या भट्ट्यांत पावसाचं पाणी प्यायलेलं लाकूड असतं, त्यामुळे माल कच्चा निघण्याची भीती जास्त. फाल्गुन ते वैशाख हा उत्तम काळ. लाकूड वाळलेलं, हवा कोरडी, भट्ट्या जोरात. कोळसा कुजत नाही, किडत नाही, म्हणून वर्षाचा साठा करण्यात तोटा नाही. टेम्पोचं भाडं आणि हमाली पाच पोत्यांना जवळजवळ तेवढीच पडते जेवढी वीस पोत्यांना, तेव्हा तीन-चार घरांनी मिळून मागवावा. भरलेला आणि रिकामा टेम्पो काट्यावर तोलून दोन्ही पावत्या घ्याव्यात. पोत्यावर छापलेल्या वजनावर विसंबू नये.

माल आल्या आल्या घरात रचू नका. ताज्या कोळशाच्या पोटात विझल्यासारखी वाटणारी ठिणगी धुमसत असू शकते, आणि नवा कोळसा हवेतला प्राणवायू शोषताना स्वतःही तापतो. दोन-तीन दिवस उघड्यावर, घरापासून लांब, पोती सुटी सुटी ठेवावीत. मग विटांवर फळ्या टाकून, भिंतीपासून वीतभर सोडून रचावीत. पावसाळ्यात वरून प्लास्टिक हवंच, कारण गोणपाटातून कोळसा हवेतली ओल ओढून घेतो. उरलेला चुरा फेकू नका. शेण आणि थोडी माती कालवून गोळे वळा, बंबाला ते छान चालतात.

शेगडीकडेही पाहा, कारण उघड्या शेगडीत बरीच उष्णता भांड्याला न लागता जाते. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याचं तंत्र उभं केलं. त्याला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. त्यांचा ‘सराई’ कुकर शंभर ग्रॅमच्या आसपास कोळशात चार-पाच माणसांचा वरण-भात-भाजी शिजवतो. माझ्या मते घरगुती कोळशाची सगळ्यात मोठी बचत अशा बंदिस्त भांड्यातच आहे, भावाच्या घासाघिशीत नाही.

आणि बाळंतिणीच्या खोलीविषयी. दारं-खिडक्या लावून आत शेगडी ठेवायची पद्धत अजून घरोघरी आहे. धूर नाही म्हणजे धोका नाही असं मानलं जातं, आणि चांगला कोळसा घेतला की हा समज आणखी पक्का होतो. धगधगत्या लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणसाला गुंगी येते आणि ती झोपच वाटते. तान्ह्या बाळाला तर सांगताही येत नाही. शेगडी बाहेर पेटवा. शेक देताना दार आणि खिडकी दोन्ही उघडी ठेवा, शेक झाला की शेगडी लगेच बाहेर काढा, आणि ती आत ठेवून रात्री कुणीही झोपू नका.