मागचं ओझं मागेच राहू दे!

ऑस्ट्रेलिया म्हटलं की काय आठवतं? सिडनीचं ऑपेरा हाउस, मेलबर्नचं क्रिकेट ग्राउंड आणि उड्या मारणारी कांगारू! पण रांगडा ऑस्ट्रेलिया बघायचा तर शहरं सोडून आउटबॅक गाठायला हवं. आणि आउटबॅकमधला एक एकदम हटके रस्ता म्हणजे उडनाडाटा ट्रॅक.

साउथ ऑस्ट्रेलियातल्या मरी या चिमुकल्या गावातून हा रस्ता निघतो आणि सुमारे ६२० किलोमीटरवर मार्लाला हायवेला मिळतो. डांबर जवळपास नाहीच. नुसती लाल माती, खडी आणि आडव्या लाटांसारखे खडखडणारे उंचवटे. सोबतीला जुन्या ‘घान’ रेल्वेचे अवशेष. ही लाइन १९८० मध्ये बंद झाली, पण आल्जबकिनाचा १८९२ चा लोखंडी पूल अजून दिमाखात उभा आहे. वाटेत काटी थांडा-लेक एअर हे मिठाचं सरोवर लागतं. त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही सुमारे १५ मीटर खाली!

रेल्वेच्या आधी इथे उंटांचं राज्य होतं. १८६५-६६ च्या सुमारास शंभराहून जास्त उंट कराचीहून बोटीने पोर्ट ऑगस्टाला आले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं, बरं का! त्या उंटवाल्यांचा फंडा साधा होता. दोन्ही बाजूंना सारखं वजन आणि दोर घट्ट. आज उंटाच्या जागी फोर व्हील ड्राइव्ह आली, पण नियम तोच आहे.

कारण इथे सामान कमी नेऊन चालत नाही. मरी, विल्यम क्रीक, उडनाडाटा आणि मार्ला या थांब्यांमध्ये प्रत्येकी साधारण २०० किलोमीटरचं अंतर. मध्ये टपरी नाही, मेकॅनिक नाही, आणि बराचसा रस्ता मोबाइलला रेंजही नाही. उडनाडाटाला २ जानेवारी १९६० रोजी पारा ५०.७ अंशांवर गेला होता. त्यामुळे जास्तीचं पाणी, दोन स्टेपन्या, टूलबॉक्स, तंबू, फ्रिज, शिधा असं सगळं घ्यावंच लागतं. थोडक्यात, गाडीची डिकी म्हणजे एक छोटा टेम्पोच.

आता जरा शाळेतलं फिजिक्स आठवा. वीस लिटर पाण्याचा कॅन म्हणजे २० किलो. गाडी ताशी ५० च्या वेगाने जाताना कशावर तरी आदळून थांबली, तर सुटा कॅन त्याच वेगाने पुढे येतो. हा दणका म्हणजे तोच कॅन सुमारे १० मीटरवरून, म्हणजे जवळपास तिसऱ्या मजल्यावरून डोक्यात पडण्यासारखा. वेग ८० असेल तर हीच उंची २५ मीटर! आणि संध्याकाळी रस्त्यावर अचानक गाय किंवा कांगारू आडवं येणं, ही इथली अगदी रोजची गोष्ट. सीटबेल्ट तुम्हाला धरून ठेवेल, पण मागच्या कॅनला कोण धरणार?

त्यासाठीच असतो कार्गो बॅरियर. सामान आणि माणसं यांच्यामधली, गाडीच्या बॉडीला बोल्टने पक्की केलेली पोलादी जाळी. दिसायला एकदम बोअरिंग, पण फॅन्सी लाइट्स आणि जाडजूड टायर्सच्या आधी पैसे इथे घाला. घेताना एवढं बघाच :

जाळी आणि जाळी यात फरक असतो. कुत्र्याला मागे ठेवायची हलकी जाळी म्हणजे कार्गो बॅरियर नव्हे. ‘एएस/एनझेडएस ४०३४’ या स्टँडर्डचा उल्लेख आहे का, ते तपासा. शिवाय तो तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला हवा.

उंची पूर्ण घ्या. खडीवर गाडी उलटली तर सामान वरूनही उडून येतं. अर्ध्या उंचीची जाळी तिथे कामाची नाही.

जागा ठरवा. चौघंपाच जण असाल तर बॅरियर मागच्या सीटच्या पाठी. दोघंच असाल तर मागची सीट पाडून पुढच्या सीटच्या पाठी. काही बॅरियर दोन्हीकडे बसतात. नेहमी दोघं आणि कधीतरी मित्रमंडळी, असं असेल तर तोच सही!

पिल्लू सोबत असेल तर चाइल्ड सीटचा वरचा पट्टा जाळीतून नीट जातो का, ते दुकानातच लावून बघा. बाजूच्या कर्टन एअरबॅग्जच्या आड जाळी येत नाही ना, हेही विचारा.

आणि वजन! पोलादी जाळीचं वजनही गाडीच्या एकूण क्षमतेतच मोजलं जातं.

मात्र बॅरियर बसवला म्हणजे कसंही कोंबायला मोकळे, असं नाही. जड वस्तू खाली आणि जाळीला टेकवून, हलक्या वर, आणि सगळं पट्ट्यांनी बांधलेलं. पेट्रोलचा कॅन गाडीच्या आत नकोच, वाफ कोंडते. सारं वजन कॅरियरवर चढवणं हाही उपाय नाही. त्याने गाडी उलटायचा धोका वाढतो. खडखडाटाने बोल्ट ढिले होतात, म्हणून रोज सकाळी चहाआधी एकदा पाना फिरवा.

गाडी भाड्याची असेल तर दोन प्रश्न बुकिंगच्या आधीच विचारा. कच्च्या रस्त्यावर न्यायची परवानगी आहे का? आणि बॅरियर बसवलेला आहे का? पहिल्याचं उत्तर बरेचदा ‘नाही’ असतं. तिथे स्थायिक झालेल्या मित्राची गाडी नेणार असाल, तर डिकी आधी उघडून बघा. पाऊस पडला की हा रस्ता बंद करतात, तेव्हा निघण्याआधी रस्त्याची ताजी स्थितीही पाहा.

बाकी मग काय! समोर लाल क्षितिज, डोक्यावर एवढंमोठं आभाळ. तुम्ही फक्त पुढे बघा, मागचं जाळी बघून घेईल.