पाठीवर पखाल, पुढे कान्हेरी

शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडतो, ‘रविवारी कान्हेरी, कोण कोण येतंय?’ पाच मिनिटांत अकरा अंगठे. रविवारी सकाळी बोरिवलीला नॅशनल पार्कच्या गेटवर प्रत्यक्षात उगवतात चौघं. तुमच्या ग्रुपचंही असंच असणार, लाजू नका. गेल्या ऑक्टोबरात आमच्या चौघांपैकी एक जण पाठीवर चपटी सॅक आणि खांद्यावरून लोंबणारी नळी असा अवतार करून आला. मग काय, पहिल्या वळणापर्यंत आम्हाला दुसरा विषयच नव्हता. ‘काय रे, सलाईन लावून थेट हॉस्पिटलातून आलास?’

गंमत म्हणजे जोक अगदी बरोबर होता. ही हायड्रेशन बॅग जन्माला आली तीच सलाईनच्या पिशवीतून. १९८०च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमधल्या विचिटा फॉल्सला, ऐन ऑगस्टच्या उन्हात, शंभर मैलांच्या सायकल राईडमध्ये मायकल आयड्सन नावाचा अॅम्ब्युलन्सवर काम करणारा माणूस उतरला होता. वाटेत पाण्याची मारामार होणार हे त्याला ठाऊक होतं. त्याने सलाईनच्या पिशवीत पाणी भरलं, पिशवी लांब मोज्यात कोंबली, मोजा जर्सीच्या पाठीला लावला, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि तिचं तोंड कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बंद केलं. त्यातूनच पुढे ‘कॅमलबॅक’ ही कंपनी उभी राहिली. आमच्या बाबांना ही स्टोरी सांगितली तर ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, ‘म्हणजे पखालच की!’

तर त्या ऑक्टोबरच्या रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे उशिरा, साडेनऊला चालायला लागलो. गेटपासून कान्हेरी साधारण सहा-सात किलोमीटर. रस्ता डांबरी, दोन्ही बाजूंना झाडं, त्यामुळे हा ट्रेक आहे असं कोणी मानतच नाही. पण ऑक्टोबर हीट ही काय चीज आहे ते मुंबईकराला सांगायला नको. पारा ३४-३५वरच असतो, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. तो नुसता वाहतो, आणि पाणी, मीठ दोन्ही घेऊन जातो.

शेवटच्या चढावर आमची मैत्रीण गप्प झाली. ती गप्प होणं हेच मुळात अलार्म वाजल्यासारखं. मग म्हणाली, ‘डोकं गरगरतंय,’ आणि रस्त्याच्या कडेलाच बसली. चेहरा पांढरा, हात गार आणि चिकट. आम्ही तिला सावलीत आडवं केलं, पायाखाली सॅक दिली, ओला रुमाल मानेवर ठेवला. पाणी शोधायला तिची सॅक उघडली तर डबा, जॅकेट (ऑक्टोबरात!), कॅमेरा आणि तळाशी एक लिटरची बाटली. सील न तोडलेली.

‘अगं, तहान नाही लागली?’

‘लागली होती ना. पण बाटली काढायला थांबले असते तर तुम्ही पुढे गेला असतात.’

यावर आम्ही तिघे काय बोलणार? नळीवाल्याने नळी पुसून तिच्या हातात दिली. एक-एक घोट करत वीसेक मिनिटांत ती उठून बसली. नशीब चांगलं होतं. हेच बरळण्यावर, उलट्यांवर किंवा बेशुद्धीवर गेलं असतं तर तो उष्माघात. मग नळी-बिळी बाजूला ठेवून अंगावर पाणी ओतत, वारा घालत हॉस्पिटल गाठायचं असतं. उन्हाला हलक्यात घेऊ नये हे १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानाने दाखवलंच. तिथे तर लोक डोंगर चढत नव्हते, एका सोहळ्याला नुसते बसले होते. चौदा जण गेले.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. पाणी आमच्या चौघांकडेही होतं. पीत होता एकटा नळीवाला, कारण त्याला थांबावं लागत नव्हतं आणि कोणाला थांबवावंही लागत नव्हतं. या बॅगेचा सगळा फंडा एवढाच आहे. बाकीची जाहिरात सोडून द्या.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही तिघांनी बॅगा घेतल्या, आणि आजार रेड्याला नि औषध पखालीला ही म्हण अनुभवली. नळी तोंडाशी आहे म्हणून मी पहिल्या दोन किलोमीटरमध्येच सव्वा लिटर ढोसलं आणि पोटात डबडब आवाज करत पुढे चाललो. जास्त पिणं हाही प्रॉब्लेमच, बरं का. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली गेलं होतं. वाटेत पाणी पिऊन पिऊन ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांचे हाल जास्त. तेव्हा तहानेप्रमाणे छोटे घोट घ्या, आणि तीन-चार तासांच्या वर जायचं असेल तर सोबत खारे दाणे किंवा ओआरएस ठेवा. ओआरएस वेगळ्या छोट्या बाटलीत. पिशवीत सरबत भरण्याचा हुशारपणा मी केलाय. लिंबू-साखरेचा वास नळीत मुक्कामालाच आला.

पिशवी भरली की ती उलटी धरून नळीतून हवा ओढून घ्या, म्हणजे चालताना पाणी डुचमळत नाही. घोट घेतला की नळीत उरलेलं पाणी फुंकून परत पिशवीत ढकला, नाहीतर पुढचा घोट चहाचा. आणि घरी आल्यावर? धुवा, उघडी टांगा, वाळवा. आपल्या मुंबईत पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते, या ओल्या नळीची काय कथा! आमचा नळीवाला पिशवी धुऊन सरळ फ्रीझरमध्ये टाकतो. त्याच्या आईला ते अजून पटलेलं नाही.

सगळ्यात मोठा दोष मात्र दुकानदार सांगत नाही. पाणी किती उरलं ते दिसतच नाही! बाटली डोळ्यांसमोर रिकामी होते, ही पाठीमागे गुपचूप संपते. त्यामुळे एक जादा बाटली हवीच.

भरलेली बॅग घेऊन लोकलमध्ये चढणार असाल तर नळीच्या तोंडाचं लॉक लावा. अंधेरीला गर्दी आत घुसली, माझी पाठ दाबली गेली आणि पुढच्या काकांच्या खिशात कारंजं उडालं. काकांनी जे सुनावलं ते इथे छापता येणार नाही. आता घाटकोपरकरांसाठी मेट्रो आहेच. गुंदवलीला लाईन बदलायची, ‘राष्ट्रीय उद्यान’ स्टेशनला उतरायचं. फक्त सोमवारी जाऊ नका, पार्क बंद असतं. आणि कान्हेरीला हातात बाटली मिरवू नका. तिथली माकडं ती शिताफीने पळवतात. नळीत त्यांना अजून तरी इंटरेस्ट दिसला नाही.

डिसेंबरात मैत्रीणच म्हणाली, ‘परत जाऊया. मला त्या लेण्या नीट बघायच्याच राहिल्या.’ या वेळी सातच्या सुमाराला गेटवर हजर. वर पोचलो तर तिने मूर्तींच्या आधी जमिनीकडे बघायला सुरुवात केली. कान्हेरीत शंभराहून जास्त गुंफा आहेत आणि बऱ्याच गुंफांच्या दाराशी खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. माथ्यावर बारीक चर कोरलेत. पावसाचं पाणी त्यातून वाहत येऊन टाक्यात पडायचं. चार महिने कोसळणाऱ्या पावसावर बाकीचे आठ महिने काढायचे, तेही पंप नाही, नळ नाही. भिक्षूंना पाण्यासाठी डोंगर उतरायची गरजच ठेवली नव्हती. (आज ते पाणी पिऊ नका. हिरवं असतं.)

ही टाकी लोकांनी देणग्या देऊन खोदून घेतली. शिलालेखांत टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय आणि देणाऱ्यांची गावं कोरलीत: कल्याण, सोपारा, चेमुला म्हणजे आपलं चौल. कल्याण आणि नालासोपारा! आपल्या लोकलचे इंडिकेटरच जणू. पाच नंबरच्या गुंफेच्या टाक्यावरचा लेख तर सॉलिड आहे. सातेरक नावाच्या अमात्याने हे पाण्याचं टाकं दान दिलं, एवढंच खरं तर सांगायचं होतं. पण ओघात त्यात सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आला, ती महाक्षत्रपाची मुलगी असल्याचाही. सातवाहन आणि क्षत्रप हे एकमेकांचे हाडवैरी. त्यांच्यातली सोयरीक इतिहासकारांना कळली ती पाण्याच्या एका टाक्यावरून.

आणि मुंबईला नळाने पाणी मिळालं तेही याच जंगलातून. विहार तलाव १८६०मध्ये पुरा झाला, तुळशी १८७९मध्ये. हे सगळं मी मोठ्या आवाजात सांगत असतानाच मैत्रिणीच्या नळीतून सुर्रर्र असा आवाज आला. तिचे दोन लिटर संपले होते, साडेअकरा वाजले होते आणि गेट सहा-सात किलोमीटर खाली.

‘थांबा रे जरा,’ ती म्हणाली.

आम्ही तिघंही थांबलो. तिने सॅक उतरवली, तळातून एक लिटरची बाटली काढली आणि सील तोडलं.