व्रण आणि मौन

कुंभकोणमच्या महामहम् तलावाभोवती सोळा मंडप उभे आहेत. दर बारा वर्षांनी लाखो माणसे त्या पाण्यात उतरतात. २०१६ सालीही उतरली. प्रत्येकाची व्यथा निराळी असते. काही व्यथा शेजाऱ्याला सांगता येतात, काही पत्नीलाही सांगवत नाहीत. उतारवयाकडे झुकणाऱ्या पुरुषाच्या शिश्नाला अकस्मात येणारी वक्रता ही या दुसऱ्या जातीतली.

१७४३ साली फ्रान्सच्या पंधराव्या लुईचे शल्यवैद्य पेरोनी यांनी या विकाराचे वर्णन केले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर प्रतापसिंह भोसले होते आणि कुंभकोणम त्यांच्याच राज्यात होते. पेरोनींनी उपाय सांगितला तोही पाण्याचाच: पिरेनीज पर्वतातल्या बारेझच्या झऱ्यांचा. सीन असो वा कावेरी, कारण कळेनासे झाले की माणूस तीर्थाकडे वळतो.

आज कारण बरेचसे उमगले आहे. शिश्नातील रक्ताने भरणाऱ्या स्तंभांभोवती एक चिवट, लवचीक आवरण असते. संभोगाच्या वेळी त्याला बारीक इजा होतात. पुष्कळदा त्या जाणवतही नाहीत. बहुतेकांच्या त्या निमूट भरून येतात. काहींच्या बाबतीत मात्र भरून येण्याची क्रिया थांबतच नाही. व्रणाच्या जागी तंतूंची कठीण चकती बनते. उत्थानाच्या वेळी बाकीचे आवरण ताणते, चकती ताणत नाही, आणि अवयव तिच्याच बाजूला वाकतो. ज्यांच्या तळहातातले तंतू आखडून बोटे मिटू लागतात, अशांपैकी काहींना हाही विकार जडतो. त्यामुळे त्यात आनुवंशिकतेचा वाटा असावा असे मानतात. वाढते वय आणि मधुमेह यांचाही संबंध दिसतो. हा कर्करोग नव्हे, संसर्ग नव्हे, आणि तारुण्यातल्या कोणत्याही 'पापा'चे फळ तर नव्हेच. पहिल्या वर्ष-दीड वर्षात वेदना व वक्रता बदलत राहतात, मग विकार स्थिरावतो. इंजेक्शने आहेत, ताण देणारी साधने आहेत, शस्त्रक्रिया आहे. पण वैद्याकडे वेळेवर जाणे हे मात्र रुग्णाच्याच हाती असते.

आणि नेमके तेच घडत नाही. वस्तुतः आपली परंपरा इतकी लाजरी नव्हती. सुश्रुताने निदानस्थानात लिंगाला बाहेरून केलेल्या अघोरी लेपांतून उद्भवणारे अठरा शूकदोष निःसंकोच मोजले. त्यांत गाठींचे, काठिण्याचेही आहेत. ते म्हणजे हाच विकार असे नव्हे. पण देहाच्या या भागाला झालेल्या इजेतून रोग उपजतो, ही दृष्टी तिथे आहे. कुंभकोणमपासून चाळीसेक किलोमीटरवर तंजावरला सरफोजीराजांनी (राज्यकाल १७९८ ते १८३२) धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यकाला एकत्र नांदवले. तिथले अनुभूत उपचार पुढे तमिळ पद्यात बांधले गेले. रोगाला शब्द देणे हे तिथे राजकार्य होते.

मधल्या काळात हे शब्द गेले कुठे? मराठीने क्षयावर लिहिले, महारोगावर लिहिले. पुरुषाच्या या दुःखाला मात्र तिने विनोदापलीकडे फारशी जागा दिली नाही. ज्याला नाव नाही त्याचे कारण शोधता येत नाही, आणि कारण नसले की त्या जागी अपराध येऊन बसतो. शरीर स्वतःची जखम भरू पाहते आणि त्या प्रयत्नातच वाकते, एवढेच खरे आहे. यात लाजण्याजोगे काय आहे?