टाकळ्याचा चहा

टाकळा हो, टाकळा! पाऊस पडला की वाघेरा घाटाच्या दोन्ही कडांना माजतो तोच! कोरियात त्याच्या बिया भाजून, पाण्यात उकळून ते पाणी चहासारखं पितात. कळल्यापासून भेटेल त्याला थांबवून सांगतोय.

मुलगी कोरियन मालिकांच्या नादी लागलेली. माझं वजन ८४ किलो. म्हटलं, तिथले वैद्य काय सांगतात बघू, आणि वाचता वाचता रात्रीचे दोन वाजले. ई जे-मा नावाच्या वैद्याने १८९४ साली माणसांच्या चार प्रकृती मांडल्या. आपल्या वात-पित्त-कफाची चुलत भावंडंच म्हणा ना! त्याचं म्हणणं, आधी माणूस बघा, मग ताट वाढा. त्या चारांतला 'थेउम' माणूस कंबरेत रुंद, भूक दणकून, खाल्लेलं लगेच अंगी लागणार, घाम आला की हलकं वाटणार. अहो, हा तर मीच! त्याला मुळा, सोयाबीन मानवतं. 'सोउम' मात्र थंड प्रकृतीचा, पचनाने नाजूक. त्याला आलं चालतं, काकडी नाही. आमच्या स्टाफरूममधले एक सर वजनासाठी रोज काकडीचा रस पितात आणि तिसऱ्या तासाला पोट धरून बसतात. आता कळलं!

हरसूलच्या बाजारात गेलो तर डोळेच बदललेले. नागली, वरई, कुळीद. कुळीद तर चरकानेही स्थूल माणसाला सांगितलाय. पचायला जड, पण अंगी न लागणारं द्या, हे त्याचं सूत्र. भाजीवाल्या मावशींना टाकळ्याचं बी विचारलं.

"बी कशाला, सर? कोवळा असताना भाजी खायची."

शेवटी रस्त्याकडेच्या वाळक्या शेंगा मीच ओरबाडल्या. कोयत्यासारख्या बारीक, वाकड्या. आत तिरके कापल्यासारखे चकचकीत तपकिरी दाणे. कढईत तडतडले आणि घरभर चक्क कॉफीचा वास! पाणी तांबूस झालं. पहिल्या दिवशी हावरटासारखा तीन कप प्यायलो. हे बी पोट साफ करतं, हे वाचलेलं दुपारी आठवलं. आता एकच कप. काट्याचं म्हणाल तर तो अजून हललेला नाही, पण संध्याकाळचा दोन चमचे साखरेचा चहा सुटला, हे काय कमी आहे?

पुढच्या बाजाराला थर्मास भरून मावशींकडे नेला. त्यांनी वास घेतला, एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं.

"साखर टाकायला विसरलात, सर."