फेरमोजणी

नोटांचं बंडल मोजून नव्याण्णव भरलं, तर कॅशिअर काय करतो? पुन्हा मोजतो. तेवीस वर्षं बँकेत कारकुनी केल्यावर आयुष्यातल्या बहुतेक प्रश्नांना माझ्यापाशी हे एकच उत्तर उरलं आहे. त्यामुळे कन्येने जीआरईचा निकाल पुढ्यात ठेवून ‘‘बाबा, परत देऊ का?’’ असं विचारलं, तेव्हा हातातला कप खाली न ठेवताच मी ‘‘दे की!’’ म्हणून मोकळा झालो.

निकाल मग वाचला. ३४० पैकी ३०८. आमच्या बी.कॉम.च्या हिशेबाने हे नव्वद टक्के! मी पेढे आणायला उठलोच होतो, पण तिने बसवलं. या परीक्षेत म्हणे दोन्ही विभागांत १३० च्या खाली कोणी जातच नाही. म्हणजे २६० ही झाली किमान शिल्लक. खरी जमा अठ्ठेचाळीस. पेढे रहित झाले.

गणितात १६२ होते, इंग्रजीत १४६. तिच्या यादीत पाच विद्यापीठं. २०२० नंतर अनेकांनी ही परीक्षा ऐच्छिक केली, त्यांतली तीन. राहिलेल्या दोघांना मात्र गुण हवेत, आणि तिला नेमकी ती दोनच हवीत. (हा हट्ट कोणाकडून आला, यावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत.)

‘‘तीन ठिकाणी चालतंय ना? मग पुन्हा एवढी फी कशाला?’’ सौभाग्यवती म्हणाल्या.

अस्मादिकांनी कागद घेऊन जमा-नावे मांडले. एकवीस दिवस थांबून परत बसता येतं, वर्षात पाचदा बसता येतं. शिवाय बरा निकाल तेवढा पाठवायचा, दुसरा झाकून ठेवायचा! कॅशिअरला ही सवलत असती, तर मी आज निर्दोष माणूस असतो. नावे बाजूला फी आणि पोरीची झोप. टॅली काही होईना.

‘‘शब्द अडले का गं?’’ मी विचारलं.

‘‘शब्द येत होते. घाबरले. शेवटचे चार प्रश्न वाचलेच नाहीत, नुसत्या खुणा केल्या.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘तुम्ही का नाही दिली परत?’’

घरात हा विषय कोणी काढत नाही. तेरा वर्षांपूर्वी मी सीएआयआयबीला बसलो होतो. बँक फायनान्शियल मॅनेजमेंटमध्ये त्रेचाळीस पडले, पासाला हवे होते पन्नास. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, की शाखेत काम फार आहे. काम होतंच, पण खरं म्हणजे निकालाच्या दिवशी शेजारच्या काउंटरवरचा पोरगा पास झाला होता, आणि मला त्याच्या शेजारी बसून दुसऱ्यांदा नापास व्हायचं नव्हतं. नव्याण्णवचं बंडल मी तसंच रबर लावून ठेवून दिलं.

‘‘काम फार होतं,’’ मी म्हणालो.

ती काही बोलली नाही. रात्री तिने बाविसाव्या दिवसाची तारीख घेतली.

‘‘फी मी भरतो,’’ मी म्हटलं.

‘‘भरा. दोन भरा.’’

दुसऱ्या दिवशी घरी येतो तो माळ्यावरची माझी जाडजूड पुस्तकं टेबलावर. सौभाग्यवतींनी पुसूनही ठेवली होती. अभ्यासक्रम २०२३ साली बदललाय, ही जुनी चालायची नाहीत, असं मी लगेच सांगितलं.

‘‘मग नवी आणा,’’ आतून आवाज आला.