राखणदाराचे चाळीस प्राण

चल्लस-आठ खेळायला फरशी, खडू आणि चार चिंचोके पुरतात. चिंचोके एका बाजूनं दगडावर घासून पांढरे करायचे. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि दोन्हींना पुन्हा दान. रामनगरच्या आमच्या घरी पडवीत हा पट कायम आखलेला असे. आजी मूळची सुप्याची. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचं ते गाव धरणाखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं आणि बरीच माणसं रामनगरला. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही, हा सगळ्यांचाच नियम. आजीच्या पटावर मात्र त्या फुल्यांना नावं होती. हे देऊळ, हा नदीवरचा घाट, हे अमक्याचं दुकान. सोंगटी सरकवता सरकवता ती बुडालेल्या गावातून हिंडून येई, आणि आम्हीही तिच्या मागोमाग.

पुढे बेळगावला कॉलेजात असताना हॉस्टेलवर कुणीतरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या झेरॉक्स आणल्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी 1974 साली काढलेला हा खेळ. पहिली आवृत्ती फक्त हजार प्रतींची होती. एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात योद्धे, चेटके, चोर होऊन शिरायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. वीस बाजूंचा फासा बेळगावात कुठला मिळायला! डब्यात वीस चिठ्ठ्या टाकून आम्ही रात्री जागवल्या. मला तेव्हापासून एक गोष्ट खटकायची. वीस बाजूंच्या फाशाला सगळे आकडे सारखेच, प्रत्येकाची शक्यता शंभरात पाच. चिंचोक्यांचं तसं नाही. चारांचे सोळा मेळ होतात. त्यात दोन पांढरे-दोन काळे सहा वेळा येतात, पण चार किंवा आठ प्रत्येकी एकदाच. (हे चिंचोके नीट घासले असतील तर. आजीचे नव्हते.)

अलीकडे माझ्या पुण्याच्या भाच्यानं असाच एक खेळ रचला. पाण्याखालचं शहर, वेशीवर राखणदार, आत खजिना. कल्पना आजीचीच, फक्त तिला आता पाती आणि मंत्र फुटले होते. नवा खेळ छापण्याआधी तो दुसऱ्यांकडून खेळवून घ्यावाच लागतो. गायगॅक्सनंही आपलं पहिलं भुयार आधी स्वतःच्या मुलांना खेळायला दिलं होतं. 2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीची चाचणी तर पावणेदोन लाखांहून जास्त लोकांनी केली. भाच्याला मी गणेशगुडीला नेलं. पावसाळ्यात काळीवरचं राफ्टिंग बंद असतं, त्यामुळे गाइड पोरं रिकामी होती. त्यातले दोघे बसले. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या कुणबी मावशीही भात शिजत ठेवून येऊन टेकल्या.

भाच्यानं राखणदाराला चाळीस प्राण दिले होते. तलवारीच्या प्रत्येक घावाला काही कमी होणार, शून्य झाले की वाट मोकळी. पोरांना त्यानं हत्यारं वाटली. कुणी उचललंच नाही. एकानं विचारलं, याला काय चालतं, नारळ की कोंबडा? भाचा नियमांची पानं चाळू लागला. राखणदाराला मारायचं ही कल्पनाच त्या दोघांच्या डोक्यात शिरेना. वेशीवर तो असतो म्हणून तर गाव असतं! तेवढ्यात मावशींनी पदर सावरून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. पोरं हुंकार भरू लागली. चूक झाली असेल तर पदरात घे, पोरांना आत सोड, सुखरूप बाहेर काढ. इतका वेळ रेटून चाललेला खेळ आता कुठे लागला.

“पण मावशी, फासा टाकायला हवा,” भाचा म्हणाला.

“फासा कशाला? कौल लाव.”

मग घरातल्या डब्यातले चिंचोके निघाले. पांढरे जास्त तर उजवा कौल, काळे जास्त तर डावा. दोन-दोन पडले तर देव अजून बोललेला नाही, आणखी काहीतरी कबूल करा. सोळात सहा वेळा घासाघीस! वीस बाजूंच्या फाशाला हे जमलं नसतं. आकडा गाठला की नाही, एवढंच तो सांगतो. इथे मधलं दानच सगळ्यांत जास्त पडतं आणि तेच सगळ्यांत जास्त बोलायला लावतं. धाकट्या गाइडनं तर घंटा, बोकड आणि देवळावर नवे पत्रे इतकं कबूल करून टाकलं.

चाळीस प्राण भाच्यानं त्या रात्री खोडले. नंतरची चाचणी पुण्यात झाली. अनोळखी मुलांच्या हाती नियम देऊन तो स्वतः दुसऱ्या खोलीत बसला. त्या मुलांनी बोकड कबूल केला, खजिना काढला आणि नवस न फेडताच निघून गेली. नियमांत त्यावर काहीच नव्हतं. भाच्यानं मावशींना फोन लावला. जोवर फेडत नाही, तोवर त्याला दोन-दोन पडले तरी डावाच धरायचा, त्या म्हणाल्या. भाच्यानं लिहून घेतलं आणि हिशेब केला: सोळात अकरा वेळा नकार.