आधी शेपूट, मग नाक

तीनचाकी मोटरसायकलवर वेग काढायचा म्हटलं की गिऱ्हाईक आधी नाकाकडे बोट दाखवतं. ‘काका, पुढून एकदम टोकदार करा.’ डोंबिवलीच्या मानपाड्यात फायबरचं काम करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की माझं उत्तर ठरलेलं असतं : नाकाचं नंतर बघू, आधी मागं ये. हवा पुढून फाटते हे खरं, पण ती फाडायला बोथट, गोलसर नाकही पुरतं. ताकद खाते ती मागची पोकळी. गाडी पुढं निघून जाते, हवा तिच्यामागं वेळेवर मिटत नाही, तिथला दाब उतरतो आणि गाडी मागं ओढली जाते. खाडीत जोरात चाललेल्या होडीमागचं पाणी किती वेळ खळबळत राहतं, ते एकदा उभं राहून बघावं.

हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनानं. ताशी 100 वरून 110 किलोमीटरवर जायचं तर नुसत्या हवेसाठीच एक तृतीयांश शक्ती जास्त लागते. ती इंजिनातून काढायला गेलं की खर्चाला अंत नाही, शिवाय इंजिनाचं आयुष्य घटतं ते वेगळंच. त्यापेक्षा रोध पाव हिश्शानं उतरवला तर जवळपास तेवढाच वेग पदरात पडतो, आणि इंजिनाचा एक नटही खोलावा लागत नाही. या हिशेबामुळेच मी या कामात पडलो आणि रमलो.

आता खुद्द तीनचाकीकडे येऊ. पुढं एक चाक, मागं दोन, ही आपल्या रिक्षाची मांडणी. ती ज्या इटालियन ‘आपे’वरून आली, तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानिओ मुळात हेलिकॉप्टर घडवणारा माणूस. 1948 ची ‘आपे’ मात्र माल वाहायला निघाली होती, पळायला नाही. तरीही मे 2019 मध्ये इंग्लंडात एल्व्हिंग्टनच्या धावपट्टीवर मॅट एव्हरार्ड यांनी बँकॉकची जुनी टुकटुक ताशी 119.583 किलोमीटरनं पळवली आणि गिनेसनं तो विक्रम नोंदवला. याच मांडणीची त्याआधीची कामगिरी तर थक्क करणारी आहे. 5 ऑगस्ट 1963 रोजी अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर क्रेग ब्रीडलव्ह यांनी ‘स्पिरिट ऑफ अमेरिका’ ही जेट इंजिनाची गाडी दोन्ही दिशांनी पळवून सरासरी ताशी 407.45 मैल, म्हणजे सुमारे 655 किलोमीटर वेग काढला. चाकं तीनच, म्हणून मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तो विक्रम मानला नाही. मोटरसायकलींच्या संघटनेनं मानला. नियमाच्या भाषेत ती तीनचाकी मोटरसायकलच ठरली.

मला त्या गाडीचं 1962 साल जास्त शिकवतं. त्या वर्षी ती सरळ धावेना. पुढच्या वर्षी परत आणली तेव्हा पुढचं चाक वळणारं केलं होतं आणि मागं मोठा उभा पंख चढवला होता. तीनचाकीला हा पंख का लागतो, ते आमच्या शेडमध्ये एका पुठ्ठ्यावर दाखवता येतं. गाडीची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर कापायची आणि ती सुईच्या टोकावर तोलायची. ती जिथं तोलते, साधारण तिथं आडवा वारा गाडीला ढकलणार, असं धरून चालायचं. मग चाकांखाली वजनकाटे ठेवून गाडीच्या वजनाचा मध्य काढायचा. वाऱ्याचा बिंदू वजनाच्या मागं असेल, तर झुळूक आली तरी गाडी आपोआप सरळ होते. पुढं असेल, तर तीच झुळूक तिला आणखी वळवते. रिक्षाचा सांगाडा घेतला तर इंजिन मागच्या एक्सलजवळ, म्हणजे वजन आधीच मागं गेलेलं. आणि पुठ्ठा तर गाडीच्या बाजूनं बोलतो. वेगात वारा खरा ढकलतो तो त्या बिंदूच्याही बराच पुढं. त्यामुळे पंख पुठ्ठा सांगेल त्याहून मोठा ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. दिसायला बेढब वाटला तरी चालेल.

चाकांचं तसंच. टायरचा वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगानं पुढं जात असतो. गाडी 120 वर असेल तर तिथं हवा 240 नं आदळते. म्हणून मागच्या दोन्ही चाकांवर अॅल्युमिनियमच्या सपाट चकत्या आणि टायरला जेमतेम चाटणार नाही इतकं जवळ घेतलेलं मडगार्ड, एवढ्यानं फरक पडतो. पुढच्या चाकाला मात्र मी चकती लावू देत नाही. तिच्यावर बाजूचा वारा बसला की हँडल हातात राहत नाही.

शेपटीचा आकार ठरवायला विंड टनेल लागतो, असं नाही. लोकरीचे बोटभर धागे टेपनं अंगभर चिकटवायचे आणि शेजारच्या गाडीतून व्हिडिओ काढायचा. छतावर धागे चापून बसलेले दिसतात. उतार सुरू झाला की काही जागी थरथरायला लागतात, आणि जिथं हवा सुटली तिथं चक्क उलटे, पुढच्या दिशेला वळतात. ती रेघ मार्करनं आखायची, गाडी शेडमध्ये आणायची आणि त्या रेघेच्या आधीपासून पुट्टी भरून उतार सौम्य करायचा. दहा-बारा अंशांच्या पलीकडे उतार नेला की हवा बहुधा साथ सोडते. लांबलचक निमुळती शेपटी परवडत नसेल तर जर्मनीच्या वुनिबाल्ड काम यांनी 1930 च्या दशकात दाखवलेली वाट धरावी : उतार योग्य ठेवायचा आणि शेपूट मध्येच सरळ कापून टाकायचं. कडा मात्र धारदार हवी. ती गोल केली की हवा कुठं सुटायचं ते ठरवत नाही.

आकार ठरला की त्यावरून फायबरचा साचा काढायचा. हे काम मी पावसाळ्यात टाळतो. डोंबिवलीच्या दमट हवेत रेझिन नीट धरत नाही, आणि पृष्ठभागावर राहिलेली लाट पॉलिश पेपरनं घासून पूर्ण जात नाही.

आता हौशी मंडळींना एक कळकळीची विनंती. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत असे बदल मनमानी करता येत नाहीत. तेव्हा बदललेली गाडी कल्याण-शीळ रस्त्यावर काढू नका, रात्री रस्ता मोकळा असला तरी नाही. ती टेम्पोत घालून न्या. अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या स्पर्धेत पाव मैलाच्या धावा होत आल्या आहेत. मात्र शेपटीचं काम पुरतं कळायला लांब, बंद, सरळ पट्टी लागते : वेग घ्यायला जागा, मोजायला जागा आणि थांबायला त्याहून जास्त जागा. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी दोन दिवस तरी, रुग्णवाहिकेसह, अशी पट्टी मिळावी. ज्यांच्या हातात हे आहे, त्यांनी मनावर घ्यावं.